हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले, असे आपली पाठ्यपुस्तके सांगतात. परीक्षेत हे उत्तर बरोबर धरले जाते आणि मीही वर्गात त्याला गुण देतो. पण मांचुरियातल्या शेतकऱ्याने वेगळी तारीख सांगितली असती. अबिसीनियातल्या, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या, गुराख्याने आणखी वेगळी सांगितली असती. बर्लिनमधल्या ज्यू शिक्षकाचे युद्ध तर त्याची नोकरी गेली त्या दिवशीच, १९३३ मध्ये, सुरू झाले होते. युद्ध बलाढ्यांच्या दारात येते तेव्हापासून ते मोजायचे, ही इतिहास लिहिणाऱ्यांची जुनी सवय आहे. गावकुसाबाहेरची झोपडी जळाली तर कुणी दप्तर उघडत नाही. वाड्याच्या आढ्याला आग लागली की तिची नोंद होते.

ही आग झोपडीकडून वाड्याकडे कशी गेली, ते मला या लेखात पाहायचे आहे. १९३१ ते १९३९ या आठ वर्षांत आक्रमकाला एकेक घास दिला गेला आणि प्रत्येक घासाला ‘शांतता’ असे नाव दिले गेले. या धोरणाला मराठीत तुष्टीकरण म्हणतात. या शब्दाची आपल्याकडे मोठी गंमत झाली आहे. एखाद्या दुर्बळ समाजाला शाळेत जागा मिळाली, नोकरीत वाटा मिळाला, की लगेच तुष्टीकरणाची ओरड होते. इतिहासात मात्र हा शब्द ज्या धोरणावरून गाजला, ते धोरण दुबळ्याला काही देण्याचे नव्हते. दुबळ्याचे काढून दांडगटाला देण्याचे ते धोरण होते. आपल्या म्हणीत सांगायचे तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान करणारा पुण्य घेतो, घर हलवायाचे जाते, आणि हलवायाला कुणी विचारलेलेही नसते.

हे तुळशीपत्र ठेवणारे हात आपल्या ओळखीचे आहेत. १९३१ ते १९४० या काळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्रिपद ज्यांनी सांभाळले, त्यांत तीन नावे अशी आहेत की चळवळीतल्या कोणत्याही वाचकाला ती नवी वाटू नयेत. पहिले सर जॉन सायमन. १९२८ मध्ये हिंदुस्थानच्या राज्यघटनेची चौकशी करायला जे कमिशन आले आणि ज्यात एकही हिंदी माणूस नव्हता, त्याचे हे अध्यक्ष. याच कमिशनपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या हक्कांची साक्ष दिली. दुसरे सर सॅम्युअल होअर. गोलमेज परिषदेचा दुसरा आणि तिसरा अंक, जातीय निवाडा, पुणे करार हे सारे घडले तेव्हा हे भारतमंत्री होते. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषणाचा इशारा गांधींनी मार्च १९३२ मध्ये पत्राने दिला तो यांनाच. तिसरे लॉर्ड हॅलिफॅक्स. हे म्हणजे आपले जुने व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. १९३१ चा गांधी-आयर्विन करार त्यांचाच. सप्टेंबर १९३८ च्या संकटात पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्या अंतर्गत वर्तुळात हेच तिघे होते. हिंदुस्थानचे भवितव्य लंडनमध्ये बसून ठरवण्याचा ज्यांना सराव होता, तेच आता चेकोस्लोव्हाकियाचे भवितव्य ठरवायला बसले होते. या सरावाकडे इतिहासकार पुरेसे लक्ष देत नाहीत, असे मला वाटते.

आता तारखा पाहू. ७ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद सुरू झाली. अकरा दिवसांनी, १८ सप्टेंबरच्या रात्री, मुकडेन शहराजवळ रेल्वेरुळाशी एक स्फोट झाला. तो जपानच्या क्वांटुंग सैन्यातल्या अधिकाऱ्यांनीच घडवला होता. आळ मात्र चीनवर घातला गेला आणि त्या निमित्ताने मांचुरिया गिळला गेला. मार्च १९३२ मध्ये तिथे मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे राहिले. चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. राष्ट्रसंघाने चौकशी समिती नेमली. तिचे प्रमुख लॉर्ड लिटन हे बंगालचे माजी गव्हर्नर होते. समितीने वेळ घेतला. ऑक्टोबर १९३२ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने जपानचा दावा मानला नाही. परराष्ट्रमंत्री सायमन यांनी राष्ट्रसंघात असे सांभाळून भाषण केले की जपानचे प्रतिनिधी मात्सुओका खूश झाले. २४ फेब्रुवारी १९३३ रोजी बेचाळीस राष्ट्रांनी अहवालाच्या बाजूने मत दिले. विरोधात एकटे जपान. मात्सुओका सभागृहातून उठून गेले. पुढे काय झाले? काहीच नाही. व्यापार थांबला नाही, शस्त्रे थांबली नाहीत. निकाल फिर्यादीच्या बाजूने लागला आणि जमीन आरोपीकडे राहिली. आपल्या लोकांना असले निकाल नवे नाहीत.

हा निकाल रोममध्ये मुसोलिनीने वाचला. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीचे सैन्य अबिसीनियात घुसले. आफ्रिकेत युरोपियांच्या ताब्यात न गेलेली जी मोजकी राज्ये होती त्यांतले हे प्रमुख, आणि तेही राष्ट्रसंघाचे रीतसर सभासद. तीनच आठवड्यांपूर्वी होअर यांनी जिनिव्हात भाषण करून सांगितले होते की आक्रमणाचा सामुदायिक प्रतिकार करण्याच्या कर्तव्याला ब्रिटन बांधील आहे. जगाने टाळ्या वाजवल्या. सुमारे पन्नास राष्ट्रांनी इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. पण निर्बंधांच्या यादीत तेल नव्हते. कोळसा नव्हता, पोलाद नव्हते. रणगाडा आणि विमान ज्यावर चालते तेवढेच वगळलेले होते. सुएझचा कालवा उघडा राहिला आणि त्यातून इटलीची सैनिकांनी भरलेली जहाजे जात राहिली. वरून विषारी मस्टर्ड वायू टाकला गेला, आणि खाली ज्यांच्या पायात वहाणाही नव्हत्या अशी माणसे होती.

डिसेंबर १९३५ मध्ये होअर पॅरिसला गेले आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांच्याबरोबर त्यांनी एक योजना आखली. अबिसीनियाचा मोठा भाग इटलीला द्यायचा, आणखी मोठ्या भागावर इटलीला आर्थिक मक्तेदारी द्यायची, आणि सम्राट हाइले सेलासी यांना समुद्रापर्यंत जाणारी एक चिंचोळी पट्टी द्यायची. ज्याची जमीन, तो या बैठकीत नव्हता. योजना वर्तमानपत्रांत फुटली. ब्रिटनमध्ये जनता खवळली आणि होअर यांना राजीनामा द्यावा लागला. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तुष्टीकरणाचा दोष सरसकट सामान्य माणसावर टाकला जातो: लोकांनाच लढाई नको होती, पुढारी काय करणार? पण त्याच वर्षी, जून १९३५ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘पीस बॅलट’ नावाच्या लोकमतचाचणीचा निकाल लागला होता. १ कोटी १० लाखांहून अधिक माणसांनी तिच्यात मत दिले. आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालावेत, असे प्रचंड बहुमताने सांगितले गेले. गरज पडली तर लष्करी उपाय योजावेत, यालाही बहुमत मिळाले. लोकांना शांतता हवी होती आणि तिच्यासाठी किंमत मोजायची त्यांची तयारी होती. ती किंमत परस्पर अबिसीनियाकडून वसूल करायची कल्पना लोकांची नव्हती.

राजीनामा दिलेले होअर सहा महिन्यांत पुन्हा मंत्रिमंडळात आले. अबिसीनिया मात्र परत उभा राहिला नाही. ५ मे १९३६ रोजी इटलीचे सैन्य राजधानी आदिस अबाबामध्ये शिरले. ३० जूनला हाइले सेलासी स्वतः जिनिव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले. इटलीच्या पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांना बोलू दिले नाही. त्यांना बाहेर काढल्यावर सम्राटांनी आपली कैफियत मांडली. ती सर्वांनी ऐकली. दोनच आठवड्यांत इटलीवरचे निर्बंध उठवले गेले.

या सगळ्या गोंधळाचा फायदा हिटलरने उचलला. ब्रिटनने जून १९३५ मध्ये त्याच्याशी आरमारी करार करून त्याला ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के आरमार बांधायची मुभा दिली होती. व्हर्सायच्या तहाला हे धरून नव्हते आणि फ्रान्सची संमतीही घेतली नव्हती. ७ मार्च १९३६ रोजी त्याचे सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये गेले. जर्मनीचे लष्कर तेव्हा फ्रान्सच्या तुलनेत कमकुवत होते. कुणी हलले नाही. जर्मन माणूस आपल्याच अंगणात तर गेला, असे लंडनमध्ये म्हटले गेले. त्याच जुलैत स्पेनमध्ये फ्रँकोने लोकनियुक्त प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले. ब्रिटन-फ्रान्सच्या पुढाकाराने ‘अहस्तक्षेप समिती’ बसली. तिच्यात इटली आणि जर्मनीही होते आणि स्पेनवर बाँब टाकणारी विमानेही त्यांचीच होती. २६ एप्रिल १९३७ रोजी ग्वेर्निका हे गाव बाजाराच्या दिवशी बाँबने भाजून काढले गेले. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने नानकिंगमध्ये हत्याकांड केले. १२ मार्च १९३८ रोजी ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला गेला.

या यादीत एक गोष्ट सहसा घातली जात नाही. ती मी मुद्दाम घालतो. देशाबाहेरच्या आक्रमणाआधी हिटलरने देशातल्या देशात आक्रमण केले होते. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढले. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व हिरावले आणि ज्यू व जर्मन यांच्यातला विवाह गुन्हा ठरवला. जन्मावरून माणसाची जागा ठरवायची, रोटी-बेटीवर पहारा बसवायचा, वस्ती तोडायची, हे शास्त्र आपल्याला परके नाही. आपल्याकडे ते धर्मग्रंथात होते, तिथे ते राजपत्रात छापले गेले. जगाने काय म्हटले? हा जर्मनीचा अंतर्गत प्रश्न आहे. जुलै १९३८ मध्ये निर्वासितांसाठी फ्रान्समध्ये एव्हियां इथे बत्तीस राष्ट्रांची परिषद भरली. सर्वांनी सहानुभूती दाखवली आणि जवळजवळ सर्वांनी दार लावून घेतले. जो आपल्या घरातल्या दुबळ्याला चिरडतो तो उद्या शेजाऱ्याला चिरडेल, हे समजायला मोठी मुत्सद्देगिरी लागत नाही. पण दुबळ्याचा प्रश्न हा ‘घरगुती’ प्रश्न मानला, की ही साधी गोष्टही दिसेनाशी होते.

आता म्युनिक. चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवरच्या सुडेटनलँड भागात तीस लाखांहून अधिक जर्मनभाषक राहत होते. त्यांच्या काही तक्रारी खऱ्या होत्या. पण हिटलरला त्या तक्रारी मिटवायच्या नव्हत्या. त्यांचा पुढारी हेनलाइन याला बर्लिनहून सूचना होती की सरकारला मान्य होणार नाहीत अशाच मागण्या करत राहायचे. १५ सप्टेंबर १९३८ रोजी चेंबरलेन विमानाने हिटलरला भेटायला गेले आणि सुडेटनलँड देण्याचे तत्त्वतः मान्य करून परतले. मग चेक सरकारवर दबाव आणून ते त्याच्याकडून वदवून घेतले. २२ तारखेला ते पुन्हा गेले, तर हिटलरची मागणी वाढलेली. हे मिळाले ना, मग आता ते हवे, आणि लगेच हवे. चेक लोकांनी सैन्य उभे केले. दहा लाखांहून अधिक माणसे तयार झाली. फ्रान्स कराराने त्यांना बांधलेला होता. सोव्हिएत रशियाचाही करार होता.

२९ सप्टेंबरला म्युनिकमध्ये हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए बसले. रशियाला बोलावणे नव्हते. चेकोस्लोव्हाकियालाही नव्हते. चेक प्रतिनिधी मास्तनी आणि मासार्झिक म्युनिकमध्ये आले होते. त्यांना हॉटेलात, जर्मन पोलिसांच्या नजरेखाली, बसवून ठेवले होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांना बोलावून नकाशा आणि करार हातात ठेवला गेला. तुमच्या उत्तराची अपेक्षा नाही, असे त्यांना कळवले गेले. एक स्वतंत्र लोकशाही देश मोडण्याचा कागद आणि त्यावर त्याची सहीही नको! दहा दिवसांत डोंगराळ सीमा गेली, सीमेवरचे किल्ले गेले. लंडनमध्ये चेंबरलेन यांचा जयजयकार झाला.

या वाटणीत एक धडा लहानांसाठीही आहे. चेकोस्लोव्हाकिया मोडत असताना पोलंडनेही हात घातला आणि तेशेनचा तुकडा ओढून घेतला. हंगेरीनेही आपला वाटा नेला. पोलंडला वाटले, आपण मोठ्यांच्या पंगतीला बसलो. अकरा महिन्यांनी त्याच पंगतीत पोलंडच वाढला गेला. शेजारच्या वस्तीवर घाला पडताना आपल्याला चार भांडी मिळाली म्हणून जो खूश होतो, त्याने हे लक्षात ठेवावे.

१५ मार्च १९३९ रोजी हिटलर प्रागमध्ये शिरला. आता तिथे जर्मनभाषकांच्या तक्रारीचे निमित्तही उरले नव्हते. स्कोडाचा प्रचंड शस्त्रकारखाना त्याच्या हाती आला. पुढल्या वर्षी फ्रान्सवर जे जर्मन रणगाडे चालून गेले, त्यांत चेक कारखान्यांत बनलेले शेकडो होते. दान दिलेल्या घरातलीच लाकडे दात्याच्या डोक्यात बसली. ३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली. पण आठ वर्षे ज्याला ‘नाही’ ऐकायची सवय लावली नाही, तो एका कागदाने थांबणार कसा? म्युनिकच्या बैठकीतून वगळलेल्या रशियाने आपला हिशेब वेगळा केला आणि २३ ऑगस्टला हिटलरशीच करार केला. त्याच्या गुप्त कलमांत पोलंडची वाटणी होती. म्हणजे तुळशीपत्र स्टालिननेही ठेवले. त्याचा रंग लाल होता म्हणून ते पवित्र ठरत नाही.

या धोरणाचे समर्थन करणारे काही कारणे देतात आणि ती नीट ऐकली पाहिजेत. पहिल्या महायुद्धात एक पिढी कापली गेली होती. व्हर्सायचा तह कठोर होता. ब्रिटनची शस्त्रसज्जता अपुरी होती, आणि त्यांना वेळ हवा होता. रशियाच्या साम्यवादाची भीती होती. हे सारे खरे आहे. ही माणसे राक्षसही नव्हती; नोव्हेंबर १९३८ नंतर सुमारे दहा हजार मुलांना, बहुतेक ज्यू मुलांना, ब्रिटनमध्ये आसरा मिळाला तेव्हा गृहमंत्री होअरच होते. पण वेळ हवा होता असे म्हणताना हे विसरले जाते की तो वेळ हिटलरलाही मिळाला. आणि मुख्य गोष्ट अशी, की तो वेळ कुणाच्या कातडीवर विकत घेतला गेला? साम्राज्य चालवणाऱ्या माणसाला नकाशावर रेघ मारायची सवय असते. रेघेखाली कोण राहतो, हे विचारायची नसते. मार्च १९३८ मध्ये हिटलरला खूश ठेवायला आफ्रिकेतल्या वसाहतींची देवघेव करण्याचा प्रस्तावही ब्रिटनने त्याच्यापुढे ठेवला होता. आफ्रिकेतल्या माणसाला कुणी विचारले होते?

आणि आपल्याला? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारले नाही. शांततेच्या बैठकीत चेक नव्हते, युद्धाच्या निर्णयात आपण नव्हतो. हिशेब चुकता करायला मात्र दोघेही होतो. सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे फौजेत गेली. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर इटलीविरुद्ध हिंदी पलटणी लढल्या, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. त्याच वर्षी ५ मे रोजी, राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, हाइले सेलासी आदिस अबाबाला परतले. १९३५ मध्ये तेलाचा एक नळ बंद करून जे साधण्याची शक्यता होती, ते कोकणच्या आणि देशावरच्या पोरांच्या रक्ताने साधावे लागले. जुलै १९४४ मध्ये कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले. तो स्वीकारायला ते जिवंत नव्हते. पहिल्या महायुद्धात उभारलेली आणि १९२१ मध्ये मोडीत काढलेली महार पलटणही आठवली गेली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यांत शेतमजूर, कोळी, भूमिहीन हेच अधिक होते. म्युनिकच्या बिलाचा हा आपला हिस्सा.

बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या १९४० च्या ग्रंथात तुष्टीकरण आणि समझोता यांत भेद केला आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न इथल्या जातीय राजकारणाचा होता. तो वाद वेगळा आहे. पण त्यांनी दिलेली कसोटी कुठेही लावता येते. तुष्टीकरणात निरपराधांवरच्या अत्याचाराकडे काणाडोळा करून आक्रमकाला विकत घेतले जाते आणि त्याच्या मागणीला सीमा नसते. समझोत्यात दोघांनाही ओलांडता न येणारी सीमा आखलेली असते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी कामगारांना सांगितले, की हल्ला झाल्यावर लढायला नकार देऊन युद्ध नष्ट होत नाही. ते जिंकून न्याय्य शांतता उभारावी लागते. बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्या माणसाचे हे म्हणणे आहे, हे शांततेच्या नावाने गप्प बसवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

अत्याचारानंतर तालुक्याला भरणाऱ्या काही बैठकांना मी बसलो आहे. ‘गावात शांतता हवी’ असे सगळे म्हणतात. मग हळूच पीडिताच्या घरच्यांना सांगितले जाते, तक्रार मागे घ्या, तुम्हाला इथेच राहायचे आहे. ज्याने मारले त्याला कुणी म्हणत नाही, की तुलाही इथेच राहायचे आहे. तो घरी जातो, आणि पुढच्या वेळी त्याचा हात अधिक मोकळा झालेला असतो. अशा बैठकीचे आणि म्युनिकचे आकारमान एक नाही. तसा दावा मी करत नाही. पण रीत एकच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कुठेही शांततेचा कागद पुढे आला, मग तो दोन देशांतला असो की दोन वस्त्यांतला, तर त्यावरचे शब्द वाचण्याआधी सह्या वाचा. ज्याचे जाणार आहे त्याची सही त्यावर आहे का, आणि ती त्याने खुर्चीवर बसून केली की दाराबाहेर उभे राहून, एवढे पाहा. नसेल, तर तो कागद फाडायला उशीर करू नका. १९३८ साली तो फाडला गेला नाही आणि पुढच्या सात वर्षांत सहा कोटींच्या आसपास माणसे गेली.